एक मिलिमीटर

पाठ टेकून, पाय मोकळे सोडून बसा. डोळे मिटायला हरकत नाही. आज मनात धरायचं आहे ते एक माप : एक मिलिमीटर.

फूटपट्टीवरची सगळ्यात लहान रेघ आठवा. एवढा पाऊस झाला तर मातीचा वास सुटतो, दोरीवरचे कपडे धावत जाऊन काढावे लागतात, आणि थोड्या वेळाने अंगण पुन्हा कोरडं. त्याला पाऊस म्हणायलाही कुणी तयार नसतं. आता एक मीटर लांब, एक मीटर रुंद फरशी कल्पा आणि तेवढंच पाणी तिच्यावर उभं करा. एक लिटर भरलं, म्हणजे तांब्याभर. श्वास सोडा. फरशी वाढवत न्या. तिचं शेत होऊ द्या, शेताचं एक हेक्टर होऊ द्या. त्याच रेघेएवढ्या पाण्याचे दहा हजार लिटर झाले. उन्हाळ्यात गावात येतो तो टँकर साधारण एवढाच असतो.

इथे घाई करू नका. जिला आपण पाऊस म्हणालो नाही, ती सर दर हेक्टरी एक टँकर रिकामा करून गेली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं शिवार सुमारे 976 हेक्टरांचं. म्हणजे मिलिमीटरला पावणेदहाशे टँकर. पट्टा अवर्षणाचा, वर्षाकाठी चारेकशे मिलिमीटर झाला तरी बरा म्हणायचा. पण त्या चारशेला पावणेदहाशेने गुणून पाहा, आणि मग हे ऐका : 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा याच गावच्या विहिरी उन्हाळ्यात आटत होत्या आणि माणसं पोटासाठी बाहेर जात होती. मग ते टँकर जात कुठे होते?

त्यासाठी माथ्यावर चला. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. आपणही तसंच उतरू. टेकडी बोडकी आहे. सर येते. पाण्याला मुरायला उसंत नाही. ते उतारावरून सुटतं, वाटेत माती उचलतं, घळीत शिरतं, आणि घटकाभरात ओढा गढूळ होऊन, दुथडी वाहून मोकळा होतो. हे दृश्य मनाशी दोन-तीनदा चालवा. दर वेळी माती थोडी कमी झालेली असेल.

आता त्याच उतारावर, पाणी अडवणारे चर खणायला माणसं आणा. त्यांच्या हातात ए-फ्रेम आहे. दोन लांब काठ्या, मध्ये एक आडवी, आणि वरून सुतळीला लोंबणारा दगड. सुतळी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, एक पाय फिरवायचा, पुन्हा सुतळी थांबेपर्यंत वाट पाहायची. वारा असेल तर ती लवकर थांबत नाही. तुम्हीही तिच्यापाशी थांबा. कुदळ-फावड्याचे, घमेल्यांच्या रांगेचे फोटो निघतात. या वाट पाहण्याचा कुणी काढत नाही. पण चर पातळीत नसला तर पाणी त्यात उभं राहत नाही. ते सखल टोकाकडे धावतं, तिथला भराव फोडतं आणि आधीपेक्षा जास्त माती घेऊन खाली उतरतं. श्रमदानाची सगळी भिस्त त्या लोंबत्या दगडावर असते.

चर भरला. पाणी थांबलं. आता त्याच्याबरोबर जमिनीत उतरा. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या खडक, कुठे काळा पाषाण. पाषाण स्वतः पाणी पीत नाही. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत, सांध्यांत, झिजलेल्या थरांत. दख्खनच्या कातळाची कोठी लहान आहे, आणि तिची बरीचशी भरणी त्या-त्या वर्षीच्या पावसाने होते. खोल बोअर मारणारा माणूस नवं पाणी निर्माण करत नसतो. फार हळू भरणाऱ्या भेगांपर्यंत तो इतरांच्या आधी पोचतो, एवढंच. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, ती माथा झाकण्यासाठी. शेतीसाठी बोअरवेलही बंद ठेवली, ती या भेगांसाठी. पहिल्या दोन बंद्यांचं कौतुक करायला गर्दी होते. तिसरी पाळणारी गावं मात्र शोधावी लागतात.

(जाता जाता एक. ओढा जेसीबीने सरळ आणि खोल खणायचा, जुलैत तो तुडुंब भरला की फोटो लावायचा, या उत्साहाची मला धास्ती वाटते. ओढ्याची वळणं आणि तळाची वाळू पाण्याला धरून ठेवत असतात. आणि खणताना पाणी धरणारा थरच कापला गेला, तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी ओढ्यात पाझरून निघून जातं.)

आता विहिरीच्या कठड्याशी या. टेपच्या टोकाला वजन बांधलंय. सोडा. टेप हातातून सरकतेय, अजून सरकतेय. खालून पाण्याचा आवाज येईपर्यंत काहीच ठरवू नका, चांगलंही नाही, वाईटही नाही. आवाज आला. आकडा लिहा. गावच्या पर्जन्यमापकाचा आकडा शेजारी लिहा. हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपल्यावर असे आकडे ग्रामसभेपुढे येतात आणि पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांना किती, गुराढोरांना किती, आणि उरल्यात कोणतं पीक.

आपण त्या सभेत खाली सतरंजीवर बसलो आहोत असं समजा. तुमची विहीर चांगली आहे. मोटर दणकट आहे. घरात लग्न निघालंय. आणि फळ्यावरचा आकडा सांगतो की यंदा उन्हाळी पीक घेता येणार नाही. कुणी तुमच्याकडे बोट दाखवत नाही. आकडा खोटा आहे असंही म्हणता येत नाही, कारण टेप धरणाऱ्यांत तुमचा पुतण्या होता. छातीत काय होतं ते नीट पाहा. राग येईल, हिशोब येईल, ‘माझ्या एकट्याने काय फरक पडणार’ हे तर येईलच. येऊ द्या. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त सभेतून उठू नका.

लोकांनी पाणी मोजण्याचं खरं मोल मला इथे दिसतं. तोच आकडा सरकारी कचेरीतून आला असता तर त्याच्यावर शंका घेता आली असती. स्वतःच्या पोरांनी मोजलेला आकडा नाकारणं जड जातं.

1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा ते याहून पुढे गेले. पाणी जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या माणसांवर : माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. ऊस नाही. हे चार नियम एकेक करून मनात ठेवा आणि कोणता सगळ्यात जास्त टोचतो ते बघा. त्यांच्यापुढे आजच्या बहुतेक योजना मला भित्र्या वाटतात.

शहरात राहणाऱ्यांनी आता सुटकेचा नि:श्वास टाकू नये. पुण्यात औंधजवळ रामनदी मुळेला मिळते. त्या संगमावर जीवितनदी या संस्थेचे स्वयंसेवक काठ साफ करतात, लोकांना नदीपाशी आणतात, आणि घरातली साबण-फिनाईलची विषारी रसायनं कमी करा, असं सांगतात. हे शेवटचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण ते नदीवर करायचं नसून न्हाणीघरात करायचं आहे. स्वच्छ पाण्यात वीस अंश तापमानाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. पाणी तापलं की कमी. सांडपाणी कुजताना तो खाऊन टाकतं. मग दगडाखाली राहणाऱ्या नाजूक अळ्या आधी जातात आणि गाळात उरतात त्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या गुदमरत नाहीत. ओढ्यातला दगड उलटून पाहिला तर प्रयोगशाळेआधीच बरंच कळतं. मनातल्या मनात तो दगड उलटा. खाली काय असेल असं वाटतं?

वाटण्यावर थांबू नका. तुमच्या मोरीचं पाणी कोणत्या ओढ्याला मिळतं ते शोधून काढा. नकाशावर ‘नाला’ लिहिलं असेल. त्याचं जुनं नाव वस्तीतल्या एखाद्या आजींना विचारा, त्यांना बहुधा माहीत असतं. मग येत्या रविवारी तिथे जा, आणि जाताना हातमोजे न्या.