'हाल' कोणाचे?

वारीहून परतलेल्या माणसाला घरची मंडळी पहिला प्रश्न करतात, "वाटेत फार हाल झाले का हो?" या 'हाल' शब्दाचाच आज थोडा विचार करू.

आम्ही पाठशाळेत वाढलेले. शब्द दिसला की धातू शोधायचा, ही खोड. परंतु हा शब्द अरबीतला, फारसीचा हात धरून आपल्याकडे आलेला. मूळ अर्थ एवढाच, की आत्ताची स्थिती. ती बरी की वाईट, हे शब्द सांगत नाही. इराणात आजही 'आपला हाल कसा आहे' असेच क्षेमकुशल पुसतात. आपण मात्र त्याला दुःखाच्या दावणीला बांधले. चांगला हाल 'खुशाल' या शब्दात दडून बसला, खुश आणि हाल मिळून तो झाला, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. ('हालणे' मात्र निराळे, ते प्राकृतातले.)

अरबीत याचा धातू 'बदलणे' या अर्थाचा. म्हणून सूफींनी हाल आणि मकाम ही जोडी केली. अकराव्या शतकातल्या कुशैरींनी हा भेद सांगितला आहे : हाल ही कृपेने अंतःकरणात येणारी अवस्था, आली तशी जाते; मकाम ही साधनेने कमावलेली पायरी. आपला 'मुक्काम' या मकामाचाच भाऊ. गंमत पहा, तिकडचा मकाम टिकाऊ, आणि पालखीचा मुक्काम बहुधा एका रात्रीचा!

आता वाळवंटात या. कर्नाटकातल्या वारकऱ्याच्या तोंडी 'हालु' म्हणजे दूध! अरबीशी काडीचा संबंध नाही. जुन्या कन्नडात हा शब्द 'पाल्' होता, तमिळात अजून तसाच आहे. कन्नडात आरंभीच्या 'प'चा 'ह' होत गेला. पंपेचे हंपे झाले ते असेच. कोणी शास्त्री लगेच 'पा' म्हणजे पिणे हा धातू पुढे करील. मोह आम्हालाही होतो. पण द्रविड भाषांचे कूळच वेगळे, तेथे पाणिनीची सत्ता चालत नाही.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण, नारदाच्या गादीवरून 'सर्व शब्द संस्कृतातूनच निघाले' असे ठोकून देणारे आमच्यात पुष्कळ आहेत. समोर कानडी मुलखातली माऊली बसलेली असते. तिच्या आईच्या भाषेला उसनी ठरवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? पांडुरंगाशी ती त्याच भाषेत बोलते.

आणि सेवेकरी मंडळींना एक सांगणे. राहुटीत लेकरू रडत असता कोणी बाई "हालु बेकु" म्हणाली, तर 'हाल सोसावे लागतात, बाई' असा उपदेश करू नका. तिला दूध हवे आहे.