खोट्या साक्षीतली खरी साक्ष

एकदा खोटे बोललेल्याचे पुढचे बोलणे आपण किती ऐकावे? घरात, वर्गात, बाजारात हा प्रश्न रोज पडतो आणि आपण तो बहुधा सवयीने सोडवतो. चुकलोच तर थोडे नुकसान होते, मन दुखावते, पुढे विसरले जाते. विमानाच्या कॉकपिटमध्ये मात्र इशारा वाजतो, तो खोटा असावा अशी शंका येते, आणि निर्णयावर शेकडो जीव टांगलेले असतात.

2 ऑक्टोबर 1996 रोजी मध्यरात्रीनंतर पेरूमधील लिमाहून एअरोपेरूचे 603 क्रमांकाचे विमान चिलीतील सॅन्टियागोकडे निघाले. विमान धुताना बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहून गेली. वेग आणि उंची दाखवणारी उपकरणे याच छिद्रांच्या भरवशावर चालतात. एक इशारा सांगू लागला, वेग फार झाला. दुसरा सांगू लागला, वेग इतका कमी आहे की विमान कोसळेल. दोघांचेही ऐकणे शक्य नव्हते. खाली काळोखा समुद्र, एकही दिवा नाही.

मग आणखी एक आवाज आला : जमीन जवळ आली आहे. हा आवाज खरा होता. रेडिओ लहरी खाली पाठवून उंची मोजणाऱ्या वेगळ्या उपकरणावर तो अवलंबून होता. चिकटपट्टीशी त्याचा संबंध नव्हता. वैमानिकांनी नियंत्रकाला उंची विचारली. त्याने 9,700 फूट सांगितली. त्यांच्या समोरही तोच आकडा होता. पण नियंत्रकाच्या पडद्यावरचा आकडा विमानानेच पाठवलेला होता! एकाच खोट्या साक्षीदाराचे म्हणणे दोन तोंडांनी ऐकू आले आणि म्हणून ते खरे वाटले. विमान पॅसिफिक महासागरात कोसळले. 70 माणसे गेली.

आम्ही शिक्षक वर्गात 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट शिकवतो. उर्दूत तिथे शेर येतो. तात्पर्य नेहमी मुलासाठी असते : खोटे बोलू नये. ते योग्यच आहे. पट्टी काढायला विसरणारा आणि न तपासता विमान सोडणारा, हे दोघेही त्या मुलाच्याच रांगेत बसतात. पण गावकऱ्यांसाठीही एखादे तात्पर्य असायला हवे. शेवटच्या दिवशी लांडगा खरा होता. मेंढ्या तर कधीच खोटे बोलल्या नव्हत्या, आणि शिक्षा त्यांना झाली.

मग प्रत्येक इशाऱ्यापुढे मान तुकवायची का? दोन इशारे परस्परविरुद्ध असतील तर तेही जमत नाही. विमानचालनाने यातून एक शहाणपण घेतले आहे. वेगाचा आकडा खोटा वाटला, तर विमानाचे नाक आणि इंजिनाचा जोर ठरलेल्या प्रमाणात ठेवावा आणि मग शोध घ्यावा. पण रात्री किंवा ढगात जमीन जवळ असल्याचा इशारा मिळाला, तर आधी विमान वर न्यावे, चर्चा नंतर. इशारा खोटा निघाला तर थोडे इंधन जाते, थोडा उशीर होतो. खरा निघाला तर काय जाते, हे सांगायला नको.

यात नीतीच्या दोन गोष्टी आहेत असे आम्हाला वाटते. पहिली ही, की एक साक्षीदार खोटा ठरला म्हणून सारी अदालत खोटी ठरत नाही. कोण बोलतो यापेक्षा त्याला खबर कुठून मिळाली, हे विचारले पाहिजे. शंभर जण एकाच ठिकाणचे ऐकून बोलत असतील, तर ती साक्ष एकच असते. दुसरी ही, की संशय घेण्याचा हक्क आपल्याला आहे, पण त्या संशयाची किंमत मागे बसलेल्यांनी मोजायची असते. त्यांचे जीव आपल्याकडे अमानत आहेत. संशय आला की तहकीक वाढली पाहिजे. आपण मात्र संशय आला की कान बंद करतो.

रोज आजारपणाचा बहाणा करणाऱ्या मुलालाही एखाद्या दिवशी खरेच ताप येतो. त्याच्या कपाळाला हात लावून पाहायला असा किती वेळ लागतो?