वाट कोणास विचारावी?

शिंदखेडा स्टेशनावर उतरलेला परका मनुष्य पूर्वीं प्रथम काय करीत असे? स्टेशनाबाहेर येऊन जो कोणी भेटेल त्यास तो विचारी, “भाऊ, अमुक गांवची वाट कोणती?” मग सांगणारा हात उंच करून दिशा दाखवी, बुराई नदी कोठें ओलांडावी, कोणत्या निंबापाशीं वळावें, कोणत्या शिवारांतून पाऊलवाटेनें गेलें असतां वेळ वांचेल, हें सर्व तो समजावून देई. आज तोच परका मनुष्य खिशांतून मोबाइल काढतो, गांवाचें नांव लिहितो, आणि यंत्रांतून आवाज येतो कीं, दोनशें मीटरवर डावीकडे वळा. तो कोणास कांहीं विचारीत नाहीं, आणि त्यास कोणी कांहीं सांगतही नाहीं. ह्यांत लाभ किती व हानि किती, आणि विशेषतः चूक झाली असतां दोष कोणाचा, हा प्रश्न आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

हें यंत्र काय करतें तें प्रथम नीट समजून घेऊं. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, आकाशांतील उपग्रह आपणांस पाहत असतो व तोच वाट सांगतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. अमेरिकेनें ह्या कामाचा पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडला, आणि १९९५ सालीं ती योजना पूर्णत्वास गेली. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर असे निदान २४ उपग्रह सतत फिरत असतात. प्रत्येकांत काळाचा अत्यंत सूक्ष्म अंश मोजणारें घड्याळ आहे. “मी अमुक ठिकाणीं आहें, आणि आतां अमुक वेळ झाली आहे,” एवढाच निरोप तो अखंड पाठवीत असतो. हा निरोप प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर इतक्या वेगानें, येतो. तो पोंचण्यास किती वेळ लागला ह्यावरून उपग्रह किती दूर आहे हें मोबाइल काढतो. आणि निदान चार उपग्रहांचे निरोप मिळाले म्हणजे आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठें आहों हें तो गणितानें ठरवितो. उघड्या आकाशाखालीं ह्यांत बहुधा थोड्या मीटरांचीच चूक राहते. मोबाइल उपग्रहास कांहीं कळवीत नाहीं. तो केवळ ऐकतो. म्हणूनच सातपुड्याकडे जेथें फोन लागत नाहीं तेथेंही आपलें स्थान त्यास कळूं शकतें. मात्र नकाशा अगोदर मोबाइलांत सांठविलेला असला पाहिजे. आपल्या देशानेंही ह्याच कामासाठीं १ जुलै २०१३ रोजीं आपला पहिला उपग्रह सोडला.

ही सोय तुच्छ मानण्यासारखी नाहीं. १९८३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत रशियाच्या हद्दींत शिरलें. तें पाडण्यांत आलें व त्यांतील २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सैन्यासाठीं योजिलेली ही विद्या सर्व जगाच्या उपयोगास खुली केली जाईल, असें अमेरिकेच्या सरकारानें जाहीर केलें. तरी सामान्य लोकांच्या वांट्यास येणारा संकेत कित्येक वर्षें मुद्दाम अंधुक ठेविलेला होता. २००० सालच्या मे महिन्यांत ती अंधुकताही काढून टाकण्यांत आली. सारांश, वाट चुकलेल्यांच्या मरणांतून ही देणगी आपल्या हातीं आली आहे. तिचा उपयोग करणें ह्यांत लाज नाहीं आणि पापही नाहीं.

परंतु येथें एक भेद लक्ष्यांत ठेविला पाहिजे, आणि ह्या सर्व प्रश्नाचें मूळ त्यांतच आहे. आपण कोठें आहों, ही साक्ष आकाशांतून येते. परंतु आपल्यापुढील रस्ता कोठें जातो, पूल उभा आहे कीं पडला आहे, फरशीवर पाणी आहे कीं नाहीं, ही साक्ष आकाशांतून येत नाहीं. ती मनुष्यांनीं काढलेल्या नकाशांतून व मनुष्यांनीं कळविलेल्या वृत्तांतून येते. नकाशा हा नेहमींच मागील दिवसाचा असतो. १८०२ सालीं लॅम्टन साहेबांनीं मद्रासेजवळ हिंदुस्थानच्या महान् मोजणीस आरंभ केला. त्या काळापासून आजपर्यंत नकाशा काढणारा जें काल पाहून गेला तेंच त्यानें लिहिलें आहे. रात्रीं आलेल्या पुरानें काय वाहून नेलें तें त्यास कोठून कळणार? मोबाइल मात्र ह्या दोन साक्षी एकत्र करून एकाच आवाजांत बोलतो, आणि ऐकणाऱ्यास दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतात.

ह्याचा परिणाम काय होतो तें पाहा. २०२१ सालच्या जानेवारींत पुण्याकडील तिघे जण रात्रीं मोटारीनें कळसूबाईकडे निघाले होते. तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांतील कोतुळजवळ मोबाइलच्या नकाशानें त्यांस एका पुलावरून जाणारी वाट दाखविली. तो पूल पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्याखालीं गेलेला होता. गांवच्या लोकांस हें ठाऊक होतें, म्हणून ते त्या वाटेनें जात नसत. मोटार पाण्यांत गेली; दोघे कसेबसे बाहेर निघाले, आणि जो मोटार हांकीत होता तो बुडून मेला. पुढें २०२४ सालच्या नोव्हेंबरांत उत्तर प्रदेशांत बरेलीकडे रामगंगा नदीवरील एका पुलावरून एक मोटार खालीं कोसळली आणि आंतील तिघेही मेले. त्या पुलाचा पुढील भाग पुरानें तुटलेला होता. नकाशांत मात्र रस्ता अखंड होता.

आतां दोष कोणाचा? कोणी म्हणेल, नकाशा करणाऱ्यांचा. कोणी म्हणेल, ज्यांनीं तुटलेल्या पुलाच्या तोंडाशीं भिंत घातली नाहीं त्या अधिकाऱ्यांचा. कोणी म्हणेल, डोळे असून न पाहणाऱ्या प्रवाशाचा. आमच्या मतें मेलेल्यांस दोष देण्याची घाई कोणी करूं नये. काळोखी रात्र, अनोळखी प्रदेश, आणि कानाशीं खात्रीनें बोलणारा आवाज, अशा वेळीं तुम्हीं आम्हीं कदाचित् तेंच केलें असतें. दोष अनेकांत वांटला जातो हें खरें आहे. परंतु वांटल्यानें कोणाचाही वांटा नाहींसा होत नाहीं. अधिकाऱ्याचें काम अधिकाऱ्यानें केलें पाहिजे व नकाशावाल्याचें नकाशावाल्यानें. तरी शेवटचें पाऊल टाकणारा पाय ज्याचा, त्यास “यंत्रानें सांगितलें म्हणून मी गेलों” एवढें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. सल्ला दुसऱ्याकडून घेतां येतो. निर्णय मात्र आपलाच राहतो.

ह्यावर कोणी विचारील, “मनुष्य काय चुकत नाहीं? वाटेंत भेटलेला गुराखीही खोटी वाट दाखवूं शकतो. मग यंत्रावरच आक्षेप कां?” हा आक्षेप योग्य आहे, आणि ह्याचें उत्तर दिलेंच पाहिजे. गुराखी चुकतो हें खरें. किंबहुना सामान्य दिवशीं लांबच्या प्रवासांत तो यंत्रापेक्षां अधिक चुकेल. परंतु गुराख्याच्या साक्षींत दोन गुण आहेत ते यंत्राच्या साक्षींत नाहींत. पहिला हा कीं, त्यास शंका असली तर ती त्याच्या बोलण्यांत दिसते. “परवां तर वाट होती, आतां पाऊस झाला आहे, जपून जा,” असें तो म्हणतो. यंत्राचा आवाज पक्क्या सडकेवर जसा असतो तसाच तो पाण्यांत बुडालेल्या फरशीवरही असतो. दुसरा गुण हा कीं, गुराख्यास उलट विचारतां येतें: “तूं स्वतः पाहिलेंस काय? केव्हां पाहिलेंस?” ज्या साक्षीदारास उलट विचारतां येत नाहीं, त्याची साक्ष कितीही उपयोगी असली तरी जिवाच्या प्रसंगीं ती एकटी पुरी मानूं नये.

एक उदाहरण घेऊं. समजा, श्रावणांतल्या सायंकाळीं नरडाण्याहून कोणी तरुण आजारी आईचें औषध घेऊन फटफटीवर आपल्या गांवीं निघाला आहे. नेहमींची सडक फेऱ्याची. यंत्र नाल्याच्या फरशीवरून जाणारी जवळची वाट दाखवितें. वाटेंत शेळ्या घेऊन परतणारा एक म्हातारा हात वर करून म्हणतो, “भाऊ, फरशीवर पानी शे, जाऊ नको.” तरुणास घाई आहे, आणि यंत्र म्हणतें, सरळ जा. त्यानें कोणाचें ऐकावें? ज्यानें ती जागा आतां पाहिली त्याचें. म्हाताऱ्यास लिहितां येत नसेल, त्याची भाषा अहिराणी असेल, त्याच्या अंगावर फाटकी बंडी असेल; परंतु त्या घटकेस त्या नाल्याविषयीं तो सर्व उपग्रहांहून अधिक जाणतो. गरीब व अशिक्षित म्हणून त्याची साक्ष आपण हलकी मानतों काय, ही येथें खरी परीक्षा आहे. चकचकीत वस्तूचा शब्द मोठा आणि फाटक्या मनुष्याचा शब्द लहान, ही संवय आपल्यांत यंत्र येण्यापूर्वींपासून आहे. यंत्रानें ती केवळ उघड केली.

आतां दुसऱ्या बाजूचें कर्तव्य पाहूं. कारण आपण सर्वदा प्रवासी नसतों. बहुतेक दिवस आपण वाटेच्या कडेचे राहणारे असतों. कोतुळच्या वाटेवर पाणी आहे हें जवळच्या लोकांस ठाऊक होतें. परक्यास तें कोण सांगणार होतें? ज्यास धोका ठाऊक आहे त्यावर तो सांगण्याचें ऋण आहे, मग विचारणारा थांबो वा न थांबो. पूर्वीं नाल्यास पूर आला कीं शहाणे लोक वाटेवर बाभळीच्या कांट्या टाकून ठेवीत. तें आजही करावें. शिवाय, रस्ता बंद आहे असें मोबाइलावरूनच नकाशावाल्यांस कळवितां येतें. गांवांतील लिहितां-वाचतां येणाऱ्या तरुणानें अथवा शिक्षकानें तेवढे श्रम घ्यावे. तापीकांठच्या किती तरी वस्त्या व पाडे नकाशांत नीट दाखविलेले नाहींत. तेथून रात्रीं कोणी १०८ ची रुग्णवाहिका बोलाविली तर तिचा चालक यंत्राकडे पाहत भलत्याच बांधावर जाऊन उभा राहण्याचा संभव आहे, आणि इकडे बाळंतीण तळमळत असेल. म्हणून ज्याच्या घरीं फोन आहे त्यानें आपल्या वस्तीचें नांव व वाट नकाशांत घालवावी. आणि तोंपर्यंत, गाडी बोलाविली कीं एका मनुष्यानें बत्ती घेऊन सडकेवर जाऊन उभें राहावें. यंत्राची उणीव मनुष्यानें भरून काढावी, हाच येथें शेजारधर्म होय.

ह्याखेरीज एक लहानशी हानि आहे, तिचाही विचार व्हावा. वाट विचारण्यांत मनुष्य थोडा नम्र होतो, आणि वाट सांगण्यांत दुसरा थोडा उदार होतो. “कोठून आलां? पाणी घेतां काय?” एवढ्या बोलण्यांतून कित्येक ओळखी जुळल्या आहेत. यंत्र हातीं असतां हे दोन शब्द बोलण्याचें कारणच उरत नाहीं. म्हणून यंत्र टाकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्याजवर वाट कळली तरी गांवाच्या वेशीशीं क्षणभर थांबून “पुढें रस्ता कसा आहे, बाबा?” असें विचारण्यास किती वेळ लागतो?

तर मग वाट कोणास विचारावी? आपण कोठें आहों हें यंत्रास विचारावें. तें आपणापेक्षां अधिक जाणतें. वाट कशी आहे हें तेथें राहणाऱ्यास विचारावें. पाऊल टाकण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या डोळ्यांस विचारावें. आणि आपल्या दारावरून परका मनुष्य काळोखांत नदीकडे चाललेला दिसला, तर त्यानें विचारण्याची वाट न पाहतां त्यास हांक मारावी.