डावातले बोल

तीन पत्तीत, किंवा तिच्या पाश्चात्त्य भावंडात, म्हणजे पोकरमध्ये, हाती काही नसताना मोठी चाल करून समोरच्याला पॅक करायला लावणे हे कौशल्यच समजले जाते. मग 'माझ्याकडे तीन एक्के आहेत' अशी थाप मारणारा खेळाडू आठव्या आज्ञेचा भंग करतो काय?

युद्धात दबा धरून बसण्याविषयी लिहिताना संत थॉमस अक्वायनस यांनी एक भेद केला आहे. आपला बेत शत्रूपासून झाकणे वेगळे आणि त्याच्याशी खोटे बोलणे किंवा दिलेले वचन मोडणे वेगळे. पहिले चालेल, दुसरे कधीच नाही. या कसोटीवर खेळाडूचा निर्विकार चेहरा निर्दोष ठरतो. थापेचे काय? 'इथल्या बोलण्यावर कोणी विसंबत नाही' हा तिचा बचाव अगदीच पोकळ नाही. परंतु जिभेला लागलेली सवय डाव संपल्यावर उठून जात नाही, हेही खरे.

मात्र खेळाचे नियम थापेपेक्षा दुसऱ्याच बोलण्यावर अधिक कडक आहेत. ज्याने पॅक केले, त्याने चालू डावात आपली पाने सांगू नयेत. कोणी कोणाला सल्ला देऊ नये. मेंढीकोटात समोरासमोरच्या भिडूंनी खुणा करू नयेत. गंमत अशी, की 'राजा माझ्याकडे होता' हे पॅक केलेल्याचे वाक्य अक्षरशः खरे असते. तरी ते एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा करते. अश्वत्थामा नावाच्या हत्तीविषयी धर्मराज बोलला तेही खरेच होते, पण त्या शब्दाने द्रोणाचार्यांचा घात झाला.

म्हणूनच १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाने खेळातील लबाडीचा विचार आठव्या आज्ञेखाली नव्हे, तर सातव्या आज्ञेखाली, चोरीच्या संदर्भात केला आहे. पैज मुळातच पाप नव्हे. पण कुटुंबाच्या गरजेचा पैसा तिच्यात गेला तर ती अनैतिक ठरते. आणि नुकसान अगदी किरकोळ नसेल, तर लबाडी ही गंभीर बाब होय.

आपल्या बीड जिल्ह्यात हे समजायला ग्रंथ लागत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. ते पैसे म्हणजे अजून न केलेल्या कष्टांची मजुरी. समजा, त्यातले काही घेऊन नवरा डावाला बसला आणि समोरच्या दोघांनी भुवईच्या खुणेने त्याला लुबाडले. त्या दोघांनी एकही खोटा शब्द उच्चारला नाही. तरी बायकोचा कोयता पुढे कितीतरी दिवस त्या खुणेची किंमत फेडत राहील.

तेव्हा, 'मी खरे तेच बोललो' एवढे उत्तर प्रभूपुढे पुरणार नाही. ते खरे कोणाच्या कानात सांगितले आणि त्यात कोणाचे गेले, हेही विचारले जाईल. घरी मुले पत्ते खेळायला बसली, तर भिडूला खूण करणाऱ्याला हसून सोडून देऊ नये. तो डाव तिथेच मोडावा आणि पाने पुन्हा पिसावीत.