लाज वाटली, हे तुकोबांनीही सांगून ठेवलंय



आज चिंतनाला तुकोबांचा तो आत्मचरित्रपर अभंग घेतलाय, ज्यात ते स्वतःच्या संसाराची कहाणी सांगतात. पण आधी थोडं माझं.

२०२३च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. जानेवारीतच गूगलने १२ हजार माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं होतं, आयटीत सगळीकडे तीच हवा. आमच्याकडे एचआरचा पंधरा मिनिटांचा कॉल, आणि कॉल संपेपर्यंत लॉगिन बंद. घराचा हप्ता चालू, बाबांना बीपी. बायको सोडून घरी कुणालाच सांगितलं नाही. आयकार्ड जमा झालं होतं, नुसती दोरी राहिली होती. तीच गळ्यात अडकवून, टोक खिशात खोचून रोज नऊला डबा घेऊन निघायचो.

सुरुवातीला कॅफेत बसलो. रोजची कॉफी परवडेना, तेव्हा बाईक हिंजवडीऐवजी देहूकडे वळली. भक्ती वगैरे काही नव्हती, खरं सांगतो. गाथा मंदिरात कितीही वेळ बसलं तरी कुणी हटकत नाही, एवढंच. तिथे भिंतींवर संगमरवरात अभंग कोरलेत. अर्ज पाठवायचे आणि भिंती वाचायच्या. तिथेच हा अभंग दिसला.

तुकोबांच्या घरी पिढीजात व्यापार, सावकारी, गावची महाजनकी. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पीक नाही, गिऱ्हाईक नाही, उधारी वसूल होईना. धंदा बसला. पहिली पत्नी अन्नावाचून गेली. अभंगात हे सगळं येतं, पण मी अडकलो तो दुसऱ्याच ठिकाणी. दुष्काळाने पैसा गेला आणि मानही गेला, असं ते म्हणतात. लाज वाटली, असंही म्हणतात. पाऊस पडला नाही यात त्यांची काय चूक? तरी लाज वाटलीच. आणि मी मात्र रोज दोरी गळ्यात घालून फिरत होतो.

अजून एक. खरं तर हे सांगू नये, पण संतांनी विचारलं म्हणून सांगतो, असं ते सुरुवातीलाच म्हणतात. म्हणजे त्यांनाही जड गेलं होतं.

हल्ली एक फॅशन आहे. नोकरी गेली की लोक म्हणतात, देवाचीच कृपा, त्याला तुला जवळ घ्यायचं होतं. कृपा करून हे कुणाला सांगू नका. वैराग्याने हप्ता भरत नाही, आणि उपाशी गेलेल्या बाईचं मरण ही कुणावरची कृपा नव्हती. तुकोबांनी काय केलं ते बघा ना. गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, मजुरी मिळणार नव्हती. मग एकादशीचं कीर्तन. तेही, सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, असं स्वतःच कबूल करतात. हे वाचून मला फार बरं वाटलं. कारण माझंही चित्त कशातच नव्हतं, ना नामात, ना कोडिंगच्या सरावात.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग विचारलं, "हप्ता किती आहे?" आकडा सांगितला. "बरं," म्हणाले, आणि गोळी घेऊन झोपले. मी जागाच.

दुसऱ्या दिवशी मला न विचारता त्यांनी भजनी मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं! मी चिडलो. पण टाळ वाजवणाऱ्या एका काकांच्या भाच्याने रेझ्युमे मागितला. तिथे काही जमलं नाही. त्याने तो पुढे पाठवला. दीडशेच्या वर अर्ज करून जे झालं नाही, ते असं झालं. सातव्या महिन्यात काम लागलं, कॉन्ट्रॅक्टवर, पगार आधीपेक्षा बराच कमी.

मधल्या काळात आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या वह्या टाइप करून दिल्या. देऊळ नाही बांधलं, पण हात चालू राहिले.

आमच्या टीममध्ये सध्या दोन जागा आहेत, एक जावाची आणि एक टेस्टिंगची. तुमच्यापैकी किंवा तुमच्या ओळखीत कुणी घरी बसून असेल, तर रेझ्युमे पाठवा. मध्ये गॅप असली तरी चालेल.

राम कृष्ण हरी.