बोफोर्सचा निकाल बुलढाण्यात लागला, दिल्लीत नाही

1989 च्या नोव्हेंबरात बुलढाणा लोकसभा मतदारसंघाने काँग्रेसला नाकारले. पाच वर्षांपूर्वी, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत, याच मतदारसंघाने अवघ्या पंचविशीतल्या मुकुल वासनिकांना दिल्लीला पाठवले होते. या वेळी भारतीय जनता पक्षाचे सुखदेव काळे निवडून आले. त्या मतामागे एकटे बोफोर्स होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कापसाचा भाव होता, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने विदर्भात धगधगत ठेवलेला कर्जमुक्तीचा प्रश्न होता, शिवसेना-भाजपची नवी युती होती. पण तोफांच्या दलालीचा विषय त्या निवडणुकीत खेड्यापाड्यांत पोहोचला होता, आणि लोकांनी आपल्या परीने निकाल दिला होता.

माझे म्हणणे असे की या प्रकरणात लागलेला तो एकमेव निकाल. पुढे पस्तीस वर्षे तपास, न्यायालये आणि सरकारे यांनी मिळून दुसरा निकाल लागू दिला नाही. सरकार बदलले म्हणजे सत्य बाहेर आले, असे आपण मानून बसलो आणि तिथेच फसलो.

व्यवहार 24 मार्च 1986 चा. स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून 155 मि.मी.च्या चारशेहून अधिक तोफा, किंमत सुमारे 1,437 कोटी रुपये. व्यवहारात मध्यस्थ नको, ही राजीव गांधी सरकारची जाहीर अट होती. आमचा कोणी दलाल नाही, असे बोफोर्सने 10 मार्च 1986 च्या पत्रात लिहूनही दिले. त्याआधी चार महिने, 15 नोव्हेंबर 1985 रोजी, हीच कंपनी इंग्लंडमधल्या ए. ई. सर्व्हिसेस नावाच्या एका लहान कंपनीशी करार करून बसली होती. तोफांच्या धंद्याशी त्या कंपनीचा संबंध नव्हता. कराराचे कलम मात्र नीट वाचण्यासारखे आहे : 31 मार्च 1986 च्या आत भारताचे कंत्राट मिळाले तर तीन टक्के, नाही मिळाले तर काही नाही. कंत्राटावर सही झाली ती मुदत संपायला आठवडा असताना.

सप्टेंबर 1986 मध्ये ए. ई. सर्व्हिसेसच्या झुरिकच्या खात्यात सुमारे 73 लाख डॉलर जमा झाले. त्याच महिन्यात त्यातले 71 लाखांहून अधिक जिनिव्हात कोलबार इन्व्हेस्टमेंट्सच्या खात्यावर गेले. ते खाते ओत्तावियो क्वात्रोची आणि त्यांच्या पत्नीच्या ताब्यातले होते, असे सीबीआयने स्विस कागदपत्रांवरून मांडले. क्वात्रोची हे स्नामप्रोजेत्ती या इटालियन अभियांत्रिकी कंपनीचे दिल्लीतले प्रतिनिधी. खत कारखाने उभारणे हे त्यांच्या कंपनीचे काम. तोफा विकण्याशी त्यांचा काय संबंध, याचे समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही. राजीव आणि सोनिया गांधींच्या घरी त्यांची ये-जा होती, ही गोष्ट मात्र दिल्लीत कोणापासून लपलेली नव्हती.

आणि इथेच बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा या माणसाशी तोफांपेक्षा जवळचा संबंध येतो. 1980 मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यावर अलिबागजवळच्या थळ-वायशेत खत प्रकल्पाची आधीची निवड फिरली. तज्ज्ञांनी अमेरिकेच्या सी. एफ. ब्राऊन कंपनीला पसंती दिली होती. नव्या निर्णयात अमोनियासाठी डेन्मार्कची हाल्डर टॉप्सो आणि युरियासाठी स्नामप्रोजेत्ती आली. जागतिक बँकेने प्रकल्पाचे कर्ज काढून घेतले. त्या बदलात लाच दिली गेली, हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही आणि मीही तसे म्हणत नाही. पण याच थळच्या कारखान्याचा ‘उज्ज्वला’ युरिया वर्षानुवर्षे मेहकर-चिखलीच्या कृषी सेवा केंद्रांतून आमच्या शेतांत पडत आला. तंत्रज्ञानाची निवड तज्ज्ञांच्या टेबलावर ठरली की ओळखीच्या दिवाणखान्यात, हा प्रश्न म्हणूनच वऱ्हाडातल्या माणसाचाही आहे.

परदेशी व्यापाऱ्याची ओळख हा गुन्हा नाही. गुन्हा सुरू होतो तो ओळखीची किंमत गुपचूप वसूल होते तेव्हा. खामगावच्या बाजार समितीत भुसार माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. तीवर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि कपात ओळीने लिहिलेली असते. अडत्याला परवाना लागतो, त्याचा दर ठरलेला असतो, आणि जास्त कापले तर शेतकरी समितीच्या दारात भांडू शकतो. पिळवणूक तिथेही होते, पण ती कागदावर सापडते. शस्त्रखरेदीत आपण उलटे केले. दलाल नाही असे जाहीर करून टाकले, त्यामुळे त्याची नोंद, दर, कर काहीच राहिले नाही. दलाल होताच, फक्त तो झुरिक आणि जिनिव्हात गेला. नुसती बंदी घालून हात झटकणे हा मला त्या धोरणातला मोठा दोष वाटतो.

16 एप्रिल 1987 ला स्वीडिश रेडिओने बातमी फोडली. त्यानंतर पत्रकार चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी कागद बाहेर काढले, तेव्हा देशाला या प्रकरणाचा खरा आकार कळला. संयुक्त संसदीय समितीचे अध्यक्ष होते बी. शंकरानंद. ते चिकोडीचे खासदार, म्हणजे आपल्या सीमाभागाला लागूनचे. 1988 मध्ये समितीने अहवाल दिला : मध्यस्थ नव्हता, लाच नव्हती. संसदेच्या समितीवरचा लोकांचा विश्वास त्या अहवालाने जेवढा खचला तेवढा नंतर क्वचितच खचला असेल.

1990 च्या जानेवारीत सीबीआयने गुन्हा नोंदवला. मग काय झाले? 1992 मध्ये परराष्ट्रमंत्री माधवसिंह सोळंकींनी दावोसमध्ये स्विस मंत्र्याच्या हाती तपासाबाबतची चिठ्ठी दिली आणि त्यांना पद सोडावे लागले. 1993 च्या जुलैअखेर क्वात्रोची रातोरात देश सोडून गेले. तेव्हा दिल्लीत नरसिंह रावांचे सरकार होते. बुलढाण्यानेही 1991 मध्ये वासनिकांना परत निवडून दिले होते, म्हणजे 1989 चा राग दोन वर्षेही टिकला नव्हता. मलेशियाने क्वात्रोचींना सोपवायला नकार दिला, अर्जेंटिनानेही 2007 मध्ये दिला नाही. 2006 मध्ये त्यांची लंडनची गोठवलेली खाती मोकळी झाली. 2011 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने खटलाच बंद केला, आणि 2013 मध्ये ते मिलानला वारले.

राजीव गांधींबद्दलही तितकेच स्पष्ट लिहायला हवे. 4 फेब्रुवारी 2004 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा लाचेचा आरोप पुराव्याअभावी टिकत नसल्याचे सांगितले. ज्या स्वीडिश पोलीस अधिकाऱ्याने कागद पुरवले, त्या स्टेन लिंडस्ट्रॉम यांनीही 2012 मध्ये राजीव यांनी पैसे घेतल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले, पण क्वात्रोचींविरुद्धचे पुरावे भक्कम असल्याचे सांगितले. बिगरकाँग्रेस सरकारेही मधल्या काळात आली. वाजपेयी सरकार सहा वर्षे होते. आरोपपत्र 1999 मध्ये दाखल झाले खरे, पण इतर आरोपींवरचे आरोप रद्द करणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालाविरुद्ध सीबीआयने अपील केले ते 2018 मध्ये, आणि तेरा वर्षांच्या उशिरामुळे सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. प्रत्येक पक्षाला बोफोर्स सभेत हवे होते, न्यायालयात नको होते.

तोफ वाईट नव्हती. 1999 मध्ये द्रास आणि तोलोलिंगच्या लढाईत तिने आपल्या जवानांना वाचवले. वाईट हे झाले की प्रकरणाच्या धास्तीने पुढची तीसएक वर्षे लष्कराला नवी 155 मि.मी. तोफ मिळाली नाही. दलालीची किंमत 64 कोटी सांगितली जाते. खरी किंमत त्या तीस वर्षांत आहे, आणि ती सीमेवर उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी मोजली.

आणि परदेशी पैशाचा दरवाजा बंद झाला का? 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदांत समूहाशी संबंधित कंपन्यांकडून देणग्या घेऊन परदेशी देणग्यांचा कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर कारवाई झाली नाही. 2016 मध्ये परदेशी देणगीदाराची व्याख्या सैल केली गेली, आणि 2018 च्या वित्त विधेयकातून ती सवलत थेट 1976 पासून लागू करण्यात आली. लोकसभेत ते विधेयक गोंधळात, चर्चेविना संमत झाले. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, ही दुरुस्ती मात्र जागच्या जागी राहिली. पुढच्या वेळी सिंदखेडराजापासून मलकापूरपर्यंत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, एवढे विचारायला हवे : ही दुरुस्ती रद्द करायला तुम्ही मत द्याल का, आणि शस्त्रखरेदीतल्या प्रत्येक मध्यस्थाची नोंद संसदेपुढे उघडी ठेवा अशी मागणी तुम्ही स्वतःच्या सरकारकडेही कराल का?