सध्या काय वाचता?



गेल्या महिन्यात चर्चच्या दाराशी, पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारी आम्ही एक दोनशे पानी वही दोरीने बांधून ठेवली, हे आपण पाहिलेच असेल. पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला होता, 'सध्या काय वाचता?' नाव लिहिण्याची सक्ती नाही. मिस्साला येताना किंवा जाताना एक ओळ लिहावी, एवढीच विनंती. पहिल्या रविवारी वही कोरी राहिली. दुसऱ्या रविवारी पेन नाहीसे झाले. तिसऱ्या रविवारी सुरुवात व्हावी म्हणून पहिली ओळ आम्हीच लिहिली, आणि मग मात्र पाने भरू लागली.

काय काय निघाले त्या वहीत! कोणी सोयाबीनवरच्या किडींची पुस्तिका वाचत आहे. कोणी पोलीस भरतीचे गाईड. 'श्यामची आई' दोन जण वाचत आहेत, बहुधा एकाच घरातले. एका आजींनी दुसऱ्याच्या हाताने लिहवून घेतले आहे, 'सुबोध बायबल. डोळे काम करत नाहीत, नातू वाचतो, मी ऐकते.' एकाने नुसते 'मोबाईल' असे लिहिले आहे. त्याला आमचा राग नाही, खरे लिहिले. आणि एका पानाच्या अगदी तळाशी, पेन्सिलीने, बारीक अक्षरात एक नोंद आहे. 'काहीच नाही. बाबांना रोज पेपर वाचून दाखवायचो. ते गेल्यापासून वाचवत नाही.'

अक्षर कोणाचे ते आम्हाला कळले नाही, आणि शोधण्याचा प्रयत्नही आम्ही केला नाही.

आता आमच्या ओळीविषयी. आम्ही लिहिले होते, 'संत ऑगस्टीन यांचे कन्फेशन्स.' खरे सांगायचे तर सेमिनरीतून बाहेर पडल्यापासून ते पुस्तक आम्ही उघडलेले नव्हते. पण दाराशी उभे राहून, हातात पेन घेतल्यावर, धर्मगुरूने काहीतरी भारदस्त लिहावे असे वाटले. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक तरुण जवळ आला आणि म्हणाला, "फादर, कुठलोक आलं ते पुस्तक?" आम्ही म्हणालो, "चाललंय." म्हणजे एका असत्यावर दुसरे. तेही कबुलीजबाबाच्या पुस्तकाविषयी! ज्याच्यासमोर आपण पापनिवेदनासाठी गुडघे टेकता, त्याची ही गोष्ट.

असत्य लहान होते, कोणाचे काही बिघडले नाही, असे म्हणता येईल. पण ते आम्ही का बोललो, याचा विचार केल्यावर जरा अस्वस्थ व्हायला झाले. 'काय जेवलात?' या प्रश्नाला आपण सहसा खोटे उत्तर देत नाही. 'काय वाचता?' म्हटले की मात्र आपण कोण आहोत ते बाजूला राहते आणि आपण कोण दिसावे ते तोंडातून निघते. मग असा प्रश्न विचारावाच कशाला? प्रभू येशूने तर दार लावून, एकांतात प्रार्थना करायला सांगितले. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये असे सांगितले. वाचन हीदेखील अंतर्मनाची गोष्ट. ती वहीत नोंदवून घेणे म्हणजे लोकांना ढोंगाच्या मोहात पाडणे नव्हे काय? वही काढून टाकावी असे दोन दिवस आमच्या मनात होते.

त्या रात्री ऑगस्टीनचे पुस्तक शोधून काढले. पेटीच्या तळाशी सापडले. आत आमच्या गुरुदीक्षेच्या वेळचे एक कार्ड खुणेसाठी घातलेले होते, सहाव्या भागाच्या सुरुवातीला. तिथेच आम्ही थांबलो होतो. तिथूनच पुन्हा वाचायला बसलो.

त्या भागात मिलान शहराचे धर्माध्यक्ष संत अँब्रोज यांचे वर्णन आहे. काळ चौथ्या शतकाचा शेवट. त्या काळी लोक बहुधा मोठ्याने वाचत. अँब्रोज मात्र मनात वाचत. डोळे पानावरून फिरत, जीभ स्थिर. त्यांच्या खोलीत कोणालाही मुक्त प्रवेश होता. तरुण ऑगस्टीन मनात शंकांचे गाठोडे घेऊन जाई, गप्प बसून त्यांना वाचताना पाही आणि विचारायचे धाडस न करता परत येई. ते असे मूकपणे का वाचतात, याचा तो तर्क करतो. त्यांचा आवाज लवकर बसत असे, तो जपायचा असेल. किंवा मोठ्याने वाचले तर ऐकणारा एखाद्या कठीण जागी अडवेल, अर्थ विचारेल आणि ठरवलेली पाने वाचून होणार नाहीत, अशी त्यांना धास्ती असेल. अँब्रोज यांच्यावर ऑगस्टीनचा राग नाही, आमचाही नाही. धर्माध्यक्षांना उसंत कुठली! पण त्या खोलीत बसलेल्या तरुणाकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. पुस्तक चार हातांवर आहे, वाचणारा समोर आहे, आणि दोघांमध्ये एक शब्द नाही.

आठव्या भागात याच्या उलट घडते. 386 साली, बागेत, एका मुलाचा आवाज ऐकून ऑगस्टीन संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडतो, समोर आलेला उतारा वाचतो आणि त्याचे आयुष्य पालटते. ही गोष्ट आपण प्रवचनांत अनेकदा ऐकली आहे. पण पुढची गोष्ट आम्हीही विसरलो होतो. तो पानात बोट किंवा कसलीशी खूण घालून पुस्तक मिटतो आणि मित्र अलिपियसला झाले ते सांगतो. अलिपियस म्हणतो, दाखव तू काय वाचलेस ते. ऑगस्टीन दाखवतो. अलिपियस त्याच्या पुढची ओळ वाचतो आणि ती आपल्यासाठी आहे असे धरून चालतो. मग दोघे आत जाऊन आई मोनिकाला सांगतात. एकाच पानावरच्या दोन लागोपाठच्या ओळींनी दोन माणसे वळवली, ती एकाने पान दाखवले म्हणून. दुसरी ओळ पहिल्याच्या लक्षातही आली नव्हती.

(पानात बोट घालून ठेवणे ही साधी गोष्ट आहे, पण मोबाईलवर ती जमत नाही. तिथे बोट लावले की पान सरकते.)

मोबाईलविषयी आम्ही कडवटपणे बोलणार नाही. आमची दैनिक प्रार्थना आम्ही प्रवासात मोबाईलवरच म्हणतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना तो शास्त्र वाचून दाखवतो, ही देवाची कृपाच. अभ्यासकांनी 2018 साली 54 संशोधनांचा एकत्र विचार करून सांगितले की माहितीपर मजकूर कागदावर वाचलेला अधिक चांगला समजतो, विशेषतः वेळेची घाई असताना. गोष्टी-कथांच्या बाबतीत तसा फरक त्यांना आढळला नाही. ठीक आहे. पण आमच्या मनातला मुद्दा समजण्याचा नाही. घरात बाप मोबाईल हातात घेऊन बसला असेल तर तो स्तोत्रे वाचतो आहे, बाजारभाव पाहतो आहे की रील्स पाहतो आहे, हे लेकराला कळत नाही. मान तशीच खाली, बोट तसेच वर. तोच बाप पुस्तक घेऊन बसला तर घराला ते दिसते. टेबलावर पडलेले पुस्तक कोणीही उचलून चाळतो. कोणी न सांगता पुस्तकाने सांगितलेले असते.

आणि दुसरे असे की, मोबाईलवरचा मजकूर आपण न वाचताच दोनशे जणांना पुढे पाठवू शकतो. पाठवल्यावर आपले काही उणे होत नाही. छापील पुस्तक एकावेळी एकालाच देता येते, आणि ते त्याच्याकडे असेपर्यंत आपल्याकडे नसते. द्यायचे तर जरा तुटते. ते परत येईल की नाही याची खात्री नसते. आले तर हळदीच्या बोटांसह येते. आमच्या लहानपणी घरी 'निरोप्या' यायचा. फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली सुरू केलेले हे मासिक. आमच्या घरचा अंक आमच्या घरी फार तर चार दिवस टिके. मग तो आळीत फिरे, आणि एखाद्या घरातून परत येताना त्याच्यावर शाईने खूण केलेली असे, 'हे वाचा'. ती खूण करणाऱ्या मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या.

कागद टिकतो म्हणून कागदाकडे वळा, असे कोणी सांगत असेल तर ते मात्र आम्हाला पटत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला ते पटूही नये. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे, 1579 साली गोव्यात आले. इथल्या माणसाला ओवी प्रिय आहे हे ओळखून त्यांनी सुमारे 11 हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुन्हा 1649 मध्ये आणि पुन्हा 1654 मध्ये. म्हणजे तीन छापील आवृत्त्या! त्यांतली एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. त्या काळात मराठी-कोंकणी पुस्तकांचे काय होणार ते उघड आहे.

मग ख्रिस्तपुराण आपल्यापर्यंत आले कसे? ते चर्चमध्ये, घरांत मोठ्याने वाचले जात होते, आणि ज्यांना ते हवे होते त्यांनी हाताने उतरवून घेतले होते. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत अशा हस्तलिखित प्रती जपलेल्या होत्या. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापले, आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. छापखान्याच्या तीन आवृत्त्या गेल्या. ज्यांनी शेजाऱ्यासाठी एकेक ओवी बसून लिहिली त्यांची मेहनत राहिली. त्या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

आपल्या मेहकरला हे वेगळे समजावून द्यायला नको. कवी ना. घ. देशपांडे यांनी याच गावात राहून वकिली केली आणि कविता लिहिली. त्यांची 'शीळ' ही कविता 1930 च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर गेली आणि महाराष्ट्रभर लोकांच्या तोंडी झाली. 'शीळ' हा संग्रह निघाला 1954 साली. पुस्तक हातात येण्याआधी कितीतरी वर्षे लोक ती एकमेकांना ऐकवत होते.

सेमिनरीत प्लेटोचा 'फिड्रस' संवाद शिकताना सॉक्रेटिसची एक तक्रार आम्हाला अजब वाटली होती. तो म्हणतो, लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात; जिवंत दिसतात, पण प्रश्न विचारला की गप्प. परीक्षेत आम्ही सॉक्रेटिसच्या विरोधात उत्तर लिहिले. आता वाटते, त्याचे म्हणणे निम्मे बरोबर होते. पुस्तक गप्प असते हे खरे. म्हणून त्याच्याशेजारी एक माणूस लागतो. प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायात, इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत चालला आहे. फिलिप धावत जाऊन रथाजवळ येतो, त्याचे वाचन ऐकतो आणि वाचलेले समजते का असे विचारतो. खजिनदार रागावत नाही, ढोंगही करत नाही. कोणी सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे म्हणून फिलिपला वर बोलावतो. बरे झाले तो रस्ता गाझाचा होता. आपल्या समृद्धी महामार्गावर रथाजवळ धावायला फिलिपची काय बिशाद होती! पण त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे तो मोठ्याने वाचत होता. मनात वाचत असता तर फिलिपला काय कळणार होते?

या खजिनदाराने आमचा पेच सोडवला. वही काढायची गरज नव्हती. एकांतात प्रार्थना करा असे प्रभूने सांगितले ते दिखावा करणाऱ्यांना उद्देशून. आम्ही वहीत लिहिले ते दिसण्यासाठी. पेन्सिलीने लिहिणाऱ्याने आणि 'मोबाईल' लिहिणाऱ्याने मात्र त्या वहीचा खरा उपयोग केला. मागच्या रविवारी आम्ही आमच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिले, 'तेव्हा वाचत नव्हतो. आता भाग आठ.' त्या तरुणालाही तसे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मले वाटलंच होतं फादर." मग त्याने तेच पुस्तक मागितले. आमचे वाचून होईपर्यंत त्याने थांबावे असे आमच्या तोंडावर आले होते, पण आम्ही गिळले. ऑगस्टीन आता त्याच्याकडे आहे, आमचे कार्ड नवव्या भागाच्या सुरुवातीला तसेच ठेवून.

कार्यालयाच्या बाहेरचे लाकडी कपाट रिकामे केले आहे. ज्यांना पुस्तक द्यायचे असेल त्यांनी आत ठेवावे, ज्यांना हवे असेल त्यांनी न्यावे. वहीत तेवढी एक ओळ लिहावी. परीक्षेची जुनी गाईडेही चालतील, कोणाच्या तरी कामी येतात. रद्दी मात्र आणू नये.

आणखी एक. 'सुबोध बायबल' ऐकणाऱ्या आजींचा नातू जूनमध्ये वसतिगृहात जाणार आहे. त्या नव्वदाव्या स्तोत्रापर्यंत आल्या आहेत आणि दीडशेही पुरे करायची त्यांची इच्छा आहे. संध्याकाळी पाचनंतर त्या ओट्यावर असतात. घर कोणते ते शेजारीपाजारी कोणीही सांगेल. ज्याने पेन्सिलीने लिहिले त्याच्या हातात हे पत्रक पडले असेल, तर त्याने आम्हाला काही कळवण्याची गरज नाही. थेट तिकडे जावे. आजींना थोडे ऐकूही कमी येते, तेव्हा जरा मोठ्याने वाचावे लागेल.

वहीजवळचे पेन पुन्हा नाहीसे झाले आहे. कृपया येताना आपले आणावे.

आपले धर्मगुरू